दुसऱ्यांच्या निरोगी मुलांचा हेवा वाटतो तेव्हा: टाइप १ मधुमेह असलेल्या मुलांच्या आईबाबांसाठी

शेजारचा मुलगा शाळेतून येतो, दप्तर भिरकावतो, फ्रीज उघडून हाताला लागेल ते तोंडात कोंबतो आणि खेळायला पळतो. त्याची आई मानही वर करत नाही. टाइप १ मधुमेह असलेल्या, रोज इन्सुलिन टोचून घ्यावं लागणाऱ्या मुलाच्या आईच्या पोटात एवढ्यानेही कालवतं. त्या मुलाने आत्ता किती खाल्लं, इन्सुलिन किती लागेल, तो धावणार असेल तर त्यातलं किती कमी करायचं, यातलं काहीही त्या बाईला ठाऊक असण्याची गरज नाही. हेवा वाटतो तो या ठाऊक नसण्याचा. मग त्या हेव्याची लाज वाटते, आणि कुणाकडे बोलावं तर "अगं, असं कसं म्हणतेस, लेकरू आहे ते" हे ऐकावं लागणार म्हणून आपण गप्प बसतो.

इन्सुलिन कसं टोचायचं, हायपो, म्हणजे शुगर एकदम कमी होणं, कसा ओळखायचा हे तुमचे डॉक्टर आणि डायबेटिस एज्युकेटर शिकवतात. या हेव्याचं आणि त्याच्या तळाशी असलेल्या दुःखाचं काय करायचं, हे मात्र बहुतेक ठिकाणी कुणी शिकवत नाही. मी स्वतः अशाच एका मुलाची आई आहे. मला आणि माझ्यासारख्या अनेक आईबाबांना उपयोगी पडलेलं इथे सविस्तर लिहिते. मला अगदी मनापासून वाटतं की हेवा हे पाप नाही. आपल्याकडे काय कमी पडतंय ते तो सांगतो, आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टी मागून मिळण्यासारख्या असतात.

पहिलं काम: दुःखाला दुःख म्हणा

घरात कुणी गेलेलं नसतं, त्यामुळे कुणी भेटायला येत नाही. मूल केटोअ‍ॅसिडोसिसमध्ये (इन्सुलिनअभावी रक्तात केटोन ही आम्लं साठून होणारी धोकादायक अवस्था) दवाखान्यात दाखल होतं, काही दिवसांत सावरतं आणि आपण पेन, सुया, ग्लुकोमीटर आणि एक चार्ट घेऊन घरी येतो. सगळे म्हणतात, वाचलं ना, देवाची कृपा. ते खरंच आहे. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरंटोमध्ये लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. ते फारसं लागू पडलं नाही, पण त्याच महिन्यात अधिक शुद्ध केलेला अर्क दिल्यावर त्याची तब्येत सुधारली. त्याआधी हा आजार झालेली मुलं जगत नसत. हे आठवलं की हात जोडले जातात, आणि तरीही रडू येतं. दोन्ही एकाच वेळी खरं असतं. कृतज्ञ असल्याचं सिद्ध करायला दुःख दाबून टाकायची गरज नाही.

हे दुःख एकदा येऊन संपत नाही. सायमन ओल्शान्स्की या अमेरिकी तज्ज्ञाने १९६२ साली बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या पालकांबद्दल हेच मांडलं होतं: अशा पालकांचं दुःख आयुष्यभर अधूनमधून वर येत राहतं, ते स्वाभाविक आहे, आणि आजूबाजूच्या तज्ज्ञांनी "आता स्वीकारा" म्हणून मागे लागणं बरोबर नाही. पुढे दीर्घ आजार असलेल्या मुलांच्या पालकांबाबतही हाच विचार लागू केला गेला. मला तो वाचून सुटल्यासारखं झालं. म्हणजे तीन वर्षांनी एखाद्या संध्याकाळी पुन्हा पहिल्या दिवसासारखं वाटलं, तर आपण मागे गेलो असं समजायचं कारण नाही.

ते केव्हा वर येईल याचा थोडा अंदाज बांधता येतो. निदान झालेल्या तारखेच्या आसपास. शाळा बदलताना. पहिल्या सहलीचं पत्रक घरी येतं तेव्हा. मूल वयात येऊ लागतं आणि हार्मोन्समुळे इन्सुलिनची गरज एकदम वाढते तेव्हा. "मलाच का झालं?" असं ते पहिल्यांदा विचारतं त्या रात्री.

आणखी एक वेळ आहे, आणि तिच्याबद्दल आधीच माहीत असावं. इन्सुलिन सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी बऱ्याच मुलांची गरज अचानक उतरते, कारण स्वादुपिंडातल्या उरलेल्या पेशी काही काळ पुन्हा काम करतात. डॉक्टर याला हनिमून पिरियड म्हणतात. घरातले म्हणतात, निदानच चुकलं होतं बहुतेक. काही महिन्यांनी, क्वचित त्याहून उशिरा, तो काळ संपतो आणि डोस पुन्हा वाढतात. माझ्या पाहण्यात कित्येक आया या दुसऱ्या वेळी जास्त कोसळल्या. तुमचं मूल आत्ता या काळात असेल तर कॅलेंडरवर महिन्याच्या महिन्याला एवढंच लिहून ठेवा: डोस वाढले तर तो आजाराचा नेहमीचा मार्ग आहे, आपल्या हातून काही बिघडलेलं नाही.

दुसरं काम: हेव्याची वही

शुगरची वही आपण ठेवतोच. तशीच एक दोन आठवडे हेव्याची ठेवा. मीटरवर २८० आले, म्हणजे शुगर बरीच वाढलेली दिसली, तर आपण त्या आकड्याला नावं ठेवत नाही, कारण शोधतो आणि पुढचं ठरवतो. हेव्याकडेही तसंच बघायचं. तीन गोष्टी लिहायच्या: कधी वाटला, कुणाचा वाटला, आणि नेमका कशाचा. तिसऱ्या गोष्टीवर जरा थांबा, कारण सुरुवातीला मनात येतं ते उत्तर बहुतेक वेळा वरवरचं असतं.

उदाहरणार्थ, "नणंदेचा. तिची मुलं धडधाकट आहेत" असं आधी लिहिलं जातं. थोडा वेळ त्याच ओळीवर राहिलं की लक्षात येतं, नणंद रविवारी दुपारी दोन तास झोपते आणि मुलं आजीकडे असतात. हेवा त्या दोन तासांचा आहे. "ऑफिसातल्या मैत्रिणीचा. तिला प्रमोशन मिळालं" याच्या खाली असतं, मी नोकरी सोडली आणि त्याबद्दल घरात कुणी एका शब्दाने बोललं नाही. "कॉलनीतल्या त्या बाईचा, मुलाला सरळ वडापाव हातात देते" याच्या खाली असते निव्वळ बेफिकिरी.

दोन आठवड्यांनी वाचलं की तीच चारपाच नावं पुन्हा पुन्हा दिसतात. झोप, पैसा, बेफिकिरी, सोबत, स्वतःचं काम. आणि एक ओळ अशी निघते जिचं काहीच करता येत नाही: आजाराआधीचं मूल. त्या ओळीवर मागणी लावू नका. ती दुःखाची आहे, तिला वहीत तशीच राहू द्या. बाकीच्या ओळींवर काम करता येतं.

तिसरं काम: प्रत्येक ओळीची मागणी करा

*झोप.* रात्रीच्या तपासणीने जितकी माणसं खचताना पाहिली, तितकी दिवसभरच्या टोचण्याने खचताना पाहिली नाहीत. पहिल्यांदा डॉक्टरांना स्पष्ट विचारा: रात्री तीनची शुगर कोणत्या रात्री पाहायलाच हवी आणि कोणत्या रात्री नाही पाहिली तरी चालेल? खूप खेळ झालेला दिवस, ताप किंवा उलट्या, नुकताच बदललेला डोस, झोपताना कमी आलेला आकडा, या रात्री सहसा पहिल्या यादीत येतात. दुसरी यादी डॉक्टरांकडून लेखी घ्या, म्हणजे न उठलेल्या रात्री मन खात नाही. मग पाळ्या लावा. "तू उठव ना मला" ही पाळी नव्हे. ज्याची रात्र त्याचाच गजर, आणि दुसऱ्याने शक्य असेल तर दुसऱ्या खोलीत झोपायचं. नवरा म्हणेल, मला जमत नाही. सुई त्याच्या हाताने टोचूनही तेवढीच शुगर दिसते. अंगावर चिकटवून शुगर सतत दाखवणारा सेन्सर कायम परवडत नसेल, तर औषध बदलल्यावर किंवा परीक्षेच्या दिवसांत मधूनच एखादा लावता येतो का, हेही विचारा. चौदा दिवसांचा एक सेन्सर रात्रींबद्दल बरंच काही सांगून जातो.

*बेफिकिरी.* ती पूर्ण परत मिळत नाही, पण तासातासाने मिळते, आणि त्यासाठी घराबाहेरचं एक माणूस तयार करावं लागतं. मावशी, आजोबा, शेजारची कॉलेजात जाणारी मुलगी, कुणीही चालेल, फक्त घाबरट नको. एका बैठकीत सगळं शिकवू नका, माणूस पळतं. आधी नुसतं बघू द्या. पुढच्या वेळी त्यांनी मीटर हाताळावा. मग हायपोचं एवढंच पक्कं करून घ्या: थरथर, घाम, फिकटपणा, एकदम चिडचिड किंवा गप्प होणं दिसलं की शुगर बघायची. ७० च्या खाली असेल तर मोठ्या मुलाला १५ ग्रॅम ग्लुकोज, लहान मुलाला डॉक्टरांनी वजनावरून ठरवून दिलेलं त्याहून कमी. पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायचं, आणि वर आलं नसेल तर पुन्हा द्यायचं. मूल शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि दवाखाना गाठायचा. हे कागदावर मोठ्या अक्षरात लिहून त्यांच्या फ्रीजवर चिकटवा. पहिल्यांदा एक तास बाहेर जा, तोही जेवणाची आणि इन्सुलिनची वेळ सोडून. नंतर एक संध्याकाळ. पहिल्या तासात तुम्ही फोनकडेच बघत बसाल. तरी जा.

*पैसा.* पट्ट्या, सुया, इन्सुलिन, दर तीन महिन्यांची एचबीएवनसी (गेल्या काही महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी). हा खर्च संपत नाही, आणि दुसऱ्यांनी गाडी घेतल्याचा हेवा बहुतेक वेळा याच खर्चाचा असतो. जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात इन्सुलिन आणि पट्ट्या मिळतात का, याची चौकशी करायला लाजू नका. मुलांच्या मधुमेहासाठी काम करणाऱ्या संस्था महाराष्ट्रात आहेत. नागपूरचं ड्रीम ट्रस्ट आणि छत्रपती संभाजीनगरची उडान ही त्यातली जुनी नावं. मदत नको असली तरी जाऊन या. तिथल्या शिबिरात आपलं मूल पहिल्यांदाच अशा खोलीत बसतं, जिथे सगळेच जेवणाआधी सुई काढतात.

*स्वतःचं काम.* याबद्दल मी थोडंच लिहू शकते, कारण प्रत्येक घराचं गणित वेगळं. मात्र सोडलेली नोकरी, थांबलेलं शिक्षण, बंद पडलेला शिवणाचा व्यवसाय यांचा घरात एकदा तरी मोठ्याने उच्चार व्हायला हवा. "मी हे सोडलं आहे आणि मला त्याचं वाईट वाटतं." न बोललेला त्याग पुढे मुलाच्या माथी येतो.

सण, वाढदिवस आणि डबा

हेवा सगळ्यात जास्त कुठे बोचत असेल तर ताटावर. संक्रांतीला सोसायटीतली मुलं खिशात तिळगूळ भरतात, गणपतीत दर घरी मोदक असतो, आणि आपण मनातल्या मनात ग्रॅम मोजत असतो. इथे माहितीनेच थोडं हलकं वाटतं. टाइप १ मध्ये गोड हे विष नसतं. बहुतेक मुलांना आहारतज्ज्ञांच्या सल्ल्याने कार्बोहायड्रेट मोजून आणि त्याप्रमाणे इन्सुलिन घेऊन सणाचं खाता येतं. तुमच्या घरचा मोदक, तुमच्या घरची पुरणपोळी सणाच्या आठवडाभर आधी करून वजन करा, गूळ आणि पीठ किती पडलं ते लिहा आणि आहारतज्ज्ञांकडून एका नगाचा आकडा काढून घ्या. मध्यम फुलक्यात साधारण १५ ग्रॅम कार्बोहायड्रेट धरतात हे माहीत असतंच, पण मोदकाचा आकडा आपल्याकडे तयार असला की त्या दिवशी आई कमी आणि हिशोबनीस जास्त होण्याची वेळ येत नाही.

दुसऱ्याच्या घरचा वाढदिवस असेल तर आदल्या दिवशी फोन करून दोनच गोष्टी विचारा: केक किती वाजता कापणार आणि जेवायला काय आहे. "त्याच्यासाठी वेगळं काही करू नका" हेही सांगा. वेगळी बिनसाखरेची वाटी मुलाला सगळ्यांसमोर एकटं पाडते.

आणि एखाद्या वाढदिवसाला जायची ताकद नसेल तर जाऊ नका. मूल जाऊ दे, ते तयार केलेलं दुसरं माणूस सोबत जाऊ दे, तुम्ही घरी राहा. मैत्रिणीला खरं कारण एका ओळीत कळवा: "तुझ्या लेकीसाठी खूप आनंद आहे, आज मला जड जातंय, पुढच्या आठवड्यात भेटू." चांगली मैत्रीण हे समजून घेते. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ज्यांच्या स्टेटसनी पोटात तुटतं, ती काही दिवस म्यूट करा. यात त्या माणसाचा अपमान नाही.

शाळेसाठी वेगळा लेख लागेल. इथे एवढंच: डॉक्टरांचं पत्र, हायपोसाठी ग्लुकोजची डबी आणि वर्गशिक्षकांशी समोरासमोर बोलणं, या तिन्ही गोष्टी दरवर्षी नव्याने कराव्या लागतात. सीबीएसईने २०१७ मध्ये दहावी-बारावीच्या टाइप १ मधुमेही परीक्षार्थींना खाऊ, ग्लुकोजच्या गोळ्या आणि पाणी सोबत ठेवण्याची परवानगी दिली. तुमची शाळा दुसऱ्या मंडळाची असली तरी मुख्याध्यापकांशी बोलताना हा दाखला उपयोगी पडतो.

लोक बोलतात तेव्हा

"आमच्या घराण्यात कुणालाच नाही." "गरोदरपणी फार गोड खाल्लंस का?" "कुणाची दृष्ट लागली असेल." या वाक्यांनी आईच्या मनातली आधीच असलेली शंका जागी होते. म्हणून उत्तर आधी स्वतःला पाठ हवं: टाइप १ मध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते. गोड खाण्याने तो होत नाही, आणि कुणाच्या चुकीने होत नाही. सासूबाईंना हे तुम्ही सांगण्याऐवजी पुढच्या भेटीला त्यांनाच डॉक्टरांकडे घेऊन जा. त्या ऐकतील, आणि त्यांनाही रडायचं असतं हे बहुधा तिथे कळेल.

आता सगळ्यात गंभीर मुद्दा. दुःखातल्या घराच्या दारात "सुया कायमच्या बंद करून देतो" म्हणणारे लोक हमखास येतात. कुणी काढा देतं, कुणी पुडी, कुणी मंत्र. आपण भोळे असतो म्हणून फसतो असं नाही. जुनं मूल परत मिळावं, या त्या वहीतल्या शेवटच्या ओळीवर ते बोट ठेवतात. हनिमूनच्या काळात अशी पुडी सुरू झाली तर उतरलेल्या डोसचं श्रेयही तिलाच मिळतं. इन्सुलिन बंद केल्यास मूल काही दिवसांच्या आत केटोअ‍ॅसिडोसिसमध्ये जाऊ शकतं आणि दगावू शकतं. त्यामुळे घरात एक नियम सर्वानुमते ठरवा: कुणी काहीही सुचवलं, कितीही जवळचं असलं, तरी इन्सुलिनचा एक युनिटही आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कमी होणार नाही. नियम ठरवताना आजीआजोबा खोलीत असू द्या.

नवरा-बायको

दोघांचं दुःख क्वचितच एका वेगाने चालतं. एकजण रडतो, दुसरा नवी अ‍ॅप शोधतो. रडणाऱ्याला वाटतं याला काहीच वाटत नाही, शोधणाऱ्याला वाटतं हिने हात टेकले. आठवड्यातून एकदा, मूल झोपल्यावर, अर्धा तास बसा. अट एकच: शुगरचा एकही आकडा काढायचा नाही. पहिल्यांदा बोलायलाच काही सुचणार नाही, इतके आकडे आपल्यात भरलेले असतात. तेव्हा वहीतली एक ओळ वाचून दाखवा. समोरच्याने उपाय सांगायचा नाही, फक्त ऐकायचं. एकट्याने मूल वाढवत असाल तर ही अर्ध्या तासाची जागा बहीण किंवा मैत्रीण घेऊ शकते, पण ती ठरलेली हवी.

मुलासमोर काय आणि किती

मुलांना सगळं दिसतं. आपण दुसऱ्याच्या मुलाकडे कसं बघतो तेही. म्हणून मुलासमोर कधीच रडायचं नाही असा नियम मला पटत नाही. "मला आज या सगळ्याचा कंटाळा आलाय, तुलाही येतो ना?" हे वाक्य चालतं, कारण त्यात कंटाळा आजाराचा आहे. "तुझ्यामुळे मला कुठे जाता येत नाही" हे कधीच नाही, रागातही नाही.

शाळेतून आल्यावर पहिला प्रश्न "शुगर किती?" असू नये. आधी दिवस विचारा, मग आकडा. आकड्याला चांगला-वाईट म्हणू नका, जास्त-कमी म्हणा. हे छोटं वाटतं, पण १३-१४ वर्षांची मुलं आकडे का लपवतात याचं उत्तर बऱ्याचदा इथे सापडतं.

त्यालाही हेवा वाटतो, मित्रांचा. तो बोलून दाखवेल तेव्हा "आपल्यापेक्षा वाईट असलेल्यांकडे बघ" असं उत्तर देऊ नका. "हो, त्याला टोचावं लागत नाही, तुला लागतं. हे बरोबर नाहीये" एवढं म्हणा आणि जवळ बसा.

निरोगी भावंड असेल तर त्याच्याकडेही बघायला हवं. धाकटीला खरचटलं तर "ऊठ, काही नाही झालं" एवढंच म्हटलं जातं, दादाला मात्र सगळं घर विचारतं. तिला दादाच्या आजाराचा हेवा वाटतो, आणि आपल्याला ते ऐकून संताप येतो. तिचा हेवा आपल्यासारखाच आहे, तिलाही काहीतरी कमी पडतंय. आठवड्यातली एक ठरलेली वेळ फक्त तिची ठेवा आणि त्या वेळी मीटर दुसऱ्याकडे द्या. तिला मदतनीस बनवण्याची घाई नको.

समदुःखी, आणि तिथलाही हेवा

दुसऱ्या टाइप १ पालकांची ओळख व्हायलाच हवी. रात्री दोनला "३१० आलेत, केटोन कसे बघू" असं विचारलं तर तिथे उत्तर मिळतं. पण त्या गटातही हेवा असतो. कुणाकडे इन्सुलिनचा पंप आहे, कुणाची एचबीएवनसी साडेसहा आहे, कुणाचं मूल राज्य पातळीवर पोहतं. कुणी कर्करोगाशी झगडणाऱ्या मुलाची आई आपल्यालाच म्हणते, "तुमचं बरं आहे, इन्सुलिन तरी आहे." तिच्याशी वाद घालू नका, ती तिच्या जागी खरी आहे. गटातल्या आकड्यांनी दर वेळी त्रास होत असेल तर मोठा गट सोडून दोन-तीन घरांशी घरोबा ठेवा. तेवढे पुरतात.

स्वतःला डॉक्टर कधी लागतो

दुःख येतं आणि जातं. ते दोन आठवड्यांहून जास्त रोज, दिवसभर राहिलं, झोपायला मिळूनही झोप लागत नसेल, खाण्यावरून आणि माणसांवरून मन उडालं असेल, मुलाचा डोस देताना हात आणि मन चालेनासं झालं असेल, तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक गाठा. बहुतेक जिल्हा रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतो. मुलाच्या मधुमेहाच्या डॉक्टरांनाही हे सांगा, कारण पालकाचं मन खचलं की मुलाच्या शुगरवर परिणाम होतो आणि त्यांना ते माहीत असतं. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालते आणि मराठीत बोलता येतं. सगळं संपवावं किंवा मुलासकट काही करून घ्यावं असा विचार एकदाही आला, तर त्याच क्षणी घरातल्या कुणाला तरी उठवा, मुलाचं इन्सुलिन त्यांच्या हाती द्या आणि तो नंबर लावा. हायपोच्या सूचनांचा कागद चिकटवाल तेव्हा खाली १४४१६ हेही लिहून ठेवा, तुमच्यासाठी आणि तुमच्या जोडीदारासाठी.